दिव्याला काय काय लक्षात राहतं

स्मार्ट बल्ब बसवायला साध्या बल्बपेक्षा जास्त वेळ लागत नाही. पिना खाचेत घालायच्या, दाबायचं, फिरवायचं, झालं. त्याचे कोणी पैसे देत नाही आणि मागूही नयेत. मला बोलावतात ते पुढच्या कामासाठी. दिवा वाय-फायला जोडायचा, फोनवर ॲप घालायचं, सकाळ-संध्याकाळच्या वेळा लावायच्या आणि ‘अलेक्सा, हॉल का लाइट लगाओ’ म्हटल्यावर हॉलचाच लागेल, बेडरूमचा नाही, अशी व्यवस्था करायची. या सगळ्यामागे एक प्रश्न असतो. गिऱ्हाईक तो सहसा विचारत नाही: ठरवून दिलेलं हे सगळं लक्षात कोण ठेवणार?

मला तो पहिल्यांदा विचारला आमच्या तात्यांनी. मी इलेक्ट्रॉनिक्सची डिप्लोमावाली, तात्या जुने वायरमन. आमच्या धंद्यात भिंतीतलं सगळं त्यांचं आणि फोनमधलं सगळं माझं, अशी वाटणी आहे. कोथरूडच्या एका फ्लॅटमध्ये काम संपवून चहा घेत असताना ते म्हणाले, “ताई, बटण बंद केलं म्हणजे करंट संपला. मेलेल्याला कालचा रंग आठवतो कसा?”

उत्तर म्हणून दुकानात परतल्यावर मी एक जळका बल्ब फोडला. वरचा दुधी घुमट काढला की ॲल्युमिनियमची चकती दिसते, तिच्यावर एलईडीचे ठिपके. पांढऱ्याच्या त्यात दोन जाती, एक पिवळसर आणि एक निळसर. रंगीत बल्ब असेल तर लाल, हिरवा आणि निळाही. खाली २३० व्होल्टचा एसी घेऊन एलईडीला झेपेल असा डीसी देणारा ड्रायव्हर. आणि मधे उभी खोचलेली नखाएवढी पाटी. तिच्यावर एक चिप, नागमोडी छापलेली अँटेना आणि फ्लॅश मेमरी. ही मेमरी कधी वेगळी, आठ पायांची असते, कधी चिपच्याच पोटात. पेनड्राईव्हमध्ये असते त्याच कुळातली. वीज गेली तरी लिहिलेलं राहतं.

“म्हणजे पोटात डायरी आहे,” तात्या म्हणाले.

आहेच. वाय-फायच्या बल्बच्या डायरीत घरच्या नेटवर्कचं नाव, त्याचा पासवर्ड, कंपनीच्या सर्व्हरशी बोलण्याची गुप्त किल्ली आणि शेवटची स्थिती असते. ही स्थिती फार मोठी नसते. दिवा चालू की बंद, उजेड किती, पांढरा किती पिवळट. झिगबी नावाच्या, वाय-फायहून वेगळ्या बिनतारी पद्धतीत उजेडाची पट्टी २५४ पर्यंत जाते, आणि पांढऱ्याचा कल मोजायला मायरेड वापरतात, म्हणजे दहा लाखांना केल्विनच्या आकड्यानं भागायचं. २७०० केल्विनचा पिवळसर उजेड म्हणजे ३७०, आणि ६५०० केल्विनचा ट्यूबलाईटसारखा पांढरा १५४ च्या आसपास. गिऱ्हाईक हौसेनं ‘दिवाळी मूड’ असं नाव देऊन जे जपून ठेवतं, ते दिव्याच्या लेखी एवढे चार-दोन आकडे.

या डायरीला एक मर्यादा आहे. फ्लॅशचा एखादा भाग साधारण एक लाख वेळा पुसून पुन्हा लिहिता येतो, मग त्याची खात्री उरत नाही. लाख हा आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण फोनवर बोट सरकवत उजेड कमी करताना शेकडो टप्पे पडतात. प्रत्येक टप्पा लिहीत बसलं तर मुलांच्या एका सुट्टीत मेमरीचा निकाल लागेल. म्हणून नीट बनवलेला बल्ब थोडा थांबतो. तुमचं बोट स्थिरावलं, काही क्षण गेले, की मगच शेवटचा आकडा लिहितो, तोही जागा बदलत, म्हणजे एकच कोपरा झिजू नये. सदाशिव पेठेतल्या एका काकूंची तक्रार यातूनच आली होती. रात्री त्या फोनवर दिवा मंद पिवळा करायच्या आणि लगोलग भिंतीवरचं बटण खाली. सकाळी बटण लावलं की दिवा आदल्या दिवशीसारखा भगभगीत पांढरा. लिहायला वेळच मिळालेला नसायचा. मी त्यांना म्हटलं, मंद केल्यावर जरा दम धरा, मग बटण बंद करा. किंवा बटण बंदच करू नका.

हे दुसरं वाक्य आपल्याकडच्या घरात बोलायला धाडस लागतं. खोलीतून बाहेर पडताना बटण बंद करणं हा आपल्याकडे संस्कार आहे. काकूंनी लगेच बिलाचा मुद्दा काढला. झोपलेला स्मार्ट बल्ब साधारण अर्धा वॅट खातो. महिनाभर चोवीस तास धरला तरी अर्ध्या युनिटच्या आतच. काकूंनी हिशेब मान्य केला आणि बटण बंद करणं चालूच ठेवलं.

वीज गेल्यावर मात्र बल्बची खरी पंचाईत होते. बटण माणसानं लावलं की महावितरणची गेलेली वीज परत आली, हे बल्बला कळण्याची काही सोयच नाही. दोन्ही वेळा घडतं तेच: नव्हता तो करंट आला. बनवणाऱ्यांनी विचार केला तो बटण लावणाऱ्या माणसाचा. अंधारात चाचपडत कोणी बटण दाबलं तर उजेड पडलाच पाहिजे, म्हणून करंट आला की पूर्ण पेटायचं. विचार चुकीचा नाही, पण तो वीज क्वचित जाणाऱ्या देशात बसून केलेला आहे. फिलिप्स ह्यू २०१२ मध्ये बाजारात आला, आणि वीज आल्यावर दिव्यानं काय करावं हे ठरवायची सोय त्यात २०१८ च्या अखेरीस आली. तोवर रात्री वीज जाऊन आली की ज्यांच्या घरी असे दहा दिवे, त्यांच्या घरी पहाटे तीनला मंगल कार्यालय.

आता बहुतेक ॲपमध्ये ही सोय असते, फक्त तीन पडदे आत पुरलेली. पूर्ण उजेड, शेवटची स्थिती, किंवा आपण ठरवू ते. झोपायच्या खोल्यांना मी शेवटची स्थिती लावते, जिना आणि बाथरूमला पूर्ण उजेड. सगळीकडे शेवटची स्थिती लावण्यात एक मेख आहे. ॲपवरून दिवा बंद केला असेल तर त्याची शेवटची स्थिती ‘बंद’ अशी लिहिली जाते. मग आलेला पाहुणा भिंतीवरचं बटण दोनदा वर-खाली करतो आणि अंधारात उभा राहतो. दिवा इमानदार आहे, त्याला बंद राहायला सांगितलेलं आहे.

वळवाच्या पावसात तर वीज सरळ जातही नाही, फडफडते. अशाच एका सकाळी एका काकूंचा फोन आला. देवघराबाहेरचा दिवा रात्रभर उघडझाप करत होता, आणि घरात शांत करून घ्यावी का इथपर्यंत चर्चा पोचली होती. कारण साधं होतं. बल्बला ना बटण, ना पडदा. त्याला ‘सगळं विसर आणि नव्यानं सुरू कर’ हे सांगायचं तर वीज लागोपाठ चालू-बंद करूनच सांगता येतं, कुठल्या कंपनीत तीनदा, कुठल्या कंपनीत पाचदा. बंद असताना तो मोजतो कसा, हे मला फार आवडतं. पेटल्या पेटल्या तो डायरीत एक आकडा वाढवून ठेवतो. काही सेकंद नीट चालला तर आकडा पुसून शून्य करतो. त्याआधीच वीज गेली तर आकडा तसाच राहतो आणि पुढच्या वेळी आणखी एकनं वाढतो. ठरलेली संख्या गाठली की पासवर्डसकट सगळं विसरून, कोणीतरी मला जोडा, असं सांगत लुकलुकत बसतो. त्या रात्री वीज बरोबर तेवढ्या वेळा फडफडली होती.

मी फोनवर दिवा पुन्हा जोडत होते तोवर तात्यांनी बोर्ड उघडून आतल्या न्यूट्रलचा ढिला स्क्रू आवळला. फडफड सगळी बाहेरची नव्हती.

बल्बला आणखी एक गोष्ट आपोआप कळत नाही, ती म्हणजे वेळ. त्याच्यात मनगटी घड्याळासारखा सेल नसतो. वीज आली की तो आधी वाय-फाय शोधतो आणि इंटरनेटवरून वेळ विचारून घेतो. पण राउटरही त्याच क्षणी जागा झालेला असतो आणि त्याला उठायला एक-दोन मिनिटं लागतात. त्या वेळात सकाळ आहे की मध्यरात्र हे बल्बला माहीत नसतं. म्हणून दिव्यांना नसला तरी राउटरला छोटा यूपीएस घ्या, असा माझा आग्रह असतो. आमच्याकडे गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, तेव्हा त्याचा उपयोग लोकांना पटतो.

वेळा नेमक्या कुठे लिहिलेल्या असतात, यावर तर घरोघरी निराळं नाटक. काही बल्ब त्या स्वतःच्या पोटात ठेवतात, काही घरातल्या हबमध्ये (सगळ्या दिव्यांशी बोलणारा एक छोटा डबा), आणि स्वस्तातले बरेच कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवर. गिऱ्हाईक सोफ्यावरून डोक्यावरच्या दिव्याला ‘बंद हो’ म्हणतं तेव्हा तो आवाज ॲमेझॉनच्या किंवा गूगलच्या संगणकाकडे जातो, तिथे शब्द ओळखले जातात, तिथून बल्ब कंपनीच्या संगणकाला निरोप, आणि तिथून परत त्याच घराच्या राउटरमधून त्या सोफ्यावरच्या दिव्याला. हे सगळं पापणी लवेपर्यंत होतं म्हणून कोणाला जाणवत नाही. केबलवाल्याचं इंटरनेट गेलं की जाणवतं. मग फोन आणि दिवा एकाच वाय-फायवर असले तर काही बल्ब ॲपचं ऐकतात, पण अलेक्सा माफी मागत बसते.

हबवाल्या झिगबी दिव्यांचं मला कौतुक आहे ते इथे. त्यात सीन, म्हणजे ‘दिवाळी मूड’सारखी सगळ्या दिव्यांची ठरवलेली स्थिती, दिव्यांच्याच पोटात लिहून ठेवता येतो. प्रत्येकाला आधीच सांगितलेलं असतं की चार नंबर म्हटलं की तू एवढा मंद, तू एवढा पिवळा. मग हबनं एकदाच हाळी द्यायची, सगळे एकदम बदलतात. वाय-फायच्या स्वस्त दिव्यांना तीच आज्ञा एकेकाला स्वतंत्र जाते, आणि हॉलमधले सहा दिवे एकापाठोपाठ एक फुटत गेल्यासारखे लागतात. या क्षेत्रात त्याला पॉपकॉर्न इफेक्ट असंच म्हणतात. ज्याला सिनेमा लावताना सगळा हॉल एका दमात मंद व्हायला हवा आहे, त्याला मी आधीच सांगते, हबचे पैसे खर्च कर.

झिगबीचीही एक खोड आहे. त्यातले दिवे एकमेकांचे निरोप पुढे पोचवतात. पॅसेजमधला दिवा बाल्कनीतल्याला निरोप देतो. आजीनं सवयीनं पॅसेजचं बटण बंद केलं की बाल्कनीतला मुका होतो, आणि फोन मला येतो. यावर लोकांनी बटणावर चिकटपट्टी लावलेली मी पाहिली आहे. घरातल्या ज्येष्ठ माणसाला बटणाला हात लावू नको म्हणणं मला पटत नाही. अशा घरात मी बल्ब साधाच ठेवते आणि बोर्डाच्या मागे छोटं रिले मॉड्यूल बसवते. मग लक्षात ठेवायचं काम भिंतीतल्या मॉड्यूलचं, बटणही चालतं आणि फोनही. मॉड्यूलला न्यूट्रल लागतो. आपल्या बोर्डात बहुधा पाच अँपियरचा एक सॉकेट असतोच, त्यामुळे न्यूट्रल हाताशी सापडतो. फक्त रंग बदलत नाही. पण रंग बदलायची हौस बहुतेक घरांत दिवाळीपर्यंतच टिकते.

नावाची भानगड मात्र वायरिंगनं सुटत नाही. कर्वेनगरमधल्या एका घरी मुलगा न्यू जर्सीहून सुट्टीला आला, येताना बल्ब घेऊन आला, आठवड्यात सगळं बसवलं आणि परत गेला. अकाउंट त्याच्या ईमेलवर. ॲपमध्ये घराचा पत्ता त्यानं कधी बदललाच नव्हता. तिथल्या उन्हाळ्यात संध्याकाळचे सात म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेचार. अंगणातला दिवा रोज त्या वेळेला लागायचा. मी कारण समजावून सांगितलं तेव्हा आजोबा म्हणाले, “राहू दे, मी तसाही साडेचारला उठतो.” आजींनी मात्र दुरुस्त करून घेतलं, आणि तेव्हा कळलं की आजींच्या फोनवर नुसतं ‘सदस्य’ म्हणून नाव आहे. दिवा लावता येतो, पण घराचा पत्ता, वेळ, नवा बल्ब यातलं काही बदलायची परवानगी नाही. तिकडे मध्यरात्र होती. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉलवर त्याच्याकडून आजींना मालकीण करून घेतलं. मुलानं बिनतक्रार केलं, पण फोन ठेवता ठेवता विचारलं, “मला अजून दिवे दिसतील ना?” आई-बाबांच्या हॉलचा दिवा लागला की तो तिकडे ऑफिसात बघायचा, म्हणाला.

इंटरनेटवाला राउटर बदलून जातो तेव्हाही मला असाच फोन येतो, सगळे दिवे गेले म्हणून. त्यावर माझा उपाय लोकांना जादू वाटतो. बल्बला तुमचा राउटर ओळखता येत नाही, त्याला फक्त नाव आणि पासवर्ड माहीत आहेत. नव्या राउटरला जुन्याचंच नाव आणि जुनाच पासवर्ड, स्पेलिंगसकट, दिला की सगळे दिवे आपापले येऊन जोडले जातात. एवढंच बघायचं की २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा चालू आहे, कारण बहुतेक बल्बना ५ चा कळत नाही, आणि सुरक्षा डब्ल्यूपीए-२ वर आहे, कारण जुन्या बल्बना तिसरी पिढी उमजत नाही. दर बल्बमागे शिडी चढायची नसेल तर यासारखा उपाय नाही.

घर विकताना किंवा भाड्यानं देताना मात्र उलटं करावं लागतं. भाडेकरूच्या बेडरूमचे दिवे जुन्या मालकाच्या फोनवरून चालू-बंद होऊ शकतात. मालकाला ते ठाऊकही नसतं, त्यानं फक्त ॲप उघडणं सोडलेलं असतं. अकाउंटमधून दिवा काढणं आणि दिव्याच्या पोटातलं पुसणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि मी दोन्ही करवून घेते. काही कंपन्यांत पहिल्यानं सोडल्याशिवाय दुसऱ्याला तो बल्ब घेताच येत नाही. चोरीच्या दृष्टीनं ते बरं, पण जुना मालक फोन उचलत नसेल तर चांगला दिवा निकामी.

कचऱ्यात टाकलेल्या बल्बचं तर कोणी मनावरच घेत नाही. २०१९ मध्ये एका सुरक्षा अभ्यासकानं लिफएक्स कंपनीचा छोटा बल्ब करवतीनं कापला, आतल्या चिपला तारा जोडल्या आणि घरच्या वाय-फायचा पासवर्ड साध्या अक्षरांत वाचून दाखवला. कंपनीनं नंतर तो लपवून लिहायला सुरुवात केली. पण मुद्दा उरतोच, की बल्ब जळतो तेव्हा बहुधा एलईडी किंवा ड्रायव्हर जळलेला असतो. डायरी शाबूत असते. म्हणून गेलेला बल्ब आम्ही गिऱ्हाइकाकडे न ठेवता परत आणतो आणि तात्या ती नखाएवढी पाटी पकडीनं मोडतात. हे काम ते मन लावून करतात.

एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेत इन्स्टिऑन नावाच्या कंपनीचे सर्व्हर न सांगता बंद पडले. लोकांच्या भिंतीवरची बटणं चालत होती, पण ॲप आणि त्यातल्या वेळा निरुपयोगी झाल्या. काही आठवड्यांनी वापरणाऱ्यांपैकीच काहींनी ती कंपनी विकत घेऊन सर्व्हर पुन्हा चालू केले, पण तसं नशीब सगळ्यांचं नसतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मॅटर नावाचं मानक आलं. ॲपल, गूगल, ॲमेझॉन आणि बल्बवाल्या कंपन्या त्यात एकत्र आहेत. मॅटरच्या दिव्याला घरातल्या घरात आज्ञा देता येते, ती कंपनीच्या सर्व्हरला वळसा घालून यावी लागत नाही, आणि एकच दिवा निदान पाच वेगवेगळ्या व्यवस्थांची ओळख एका वेळी पोटात ठेवू शकतो. म्हणजे आजींच्या फोनवर गूगल आणि नातवाच्या फोनवर ॲपल, दोघांनाही तो आपलाच. शक्य असेल तिथे मी आता हेच सुचवते. एकच वैताग आहे. जोडायला लागणारा क्यूआर कोड बल्बच्या मानेवर छापलेला असतो, आणि बल्ब एकदा फॉल्स सीलिंगमध्ये गेला की तो कोड वाचायला शिडीच लागते. बसवण्याआधीच मी फोटो काढते.

तात्या काम संपल्यावर डीबीच्या, म्हणजे घराच्या मुख्य वीज-पेटीच्या, झाकणाच्या आतून पेननं लिहितात: हॉल, किचन, गिझर, एसी. त्यांची ती पद्धत जुनी आहे. मी आता तिथेच खाली एक कागद चिकटवते. कोणता दिवा कुठल्या ॲपमध्ये, वेळा बल्बमध्ये की हबमध्ये की बाहेर, अकाउंट घरातल्या कोणाच्या ईमेलवर, वीज आल्यावर कोण काय करेल, आणि क्यूआरचे फोटो कोणाकडे आहेत. वाय-फायचा पासवर्ड तेवढा लिहीत नाही, गिऱ्हाइकानं कितीही सांगितलं तरी. डीबी उघडणारी माणसं घरची नसतात.

त्या कागदाचे मी वेगळे पैसे लावत नाही. तात्यांचं म्हणणं, लावायला हवेत. सगळ्यात जास्त वेळ त्यालाच जातो.